नाल्यापलीकडचे बारा टीव्ही

आमच्या केबलचा परवाना अमरावती जिल्ह्यापुरता,
आणि नाला जेमतेम बावीस फूट.
पलीकडे मध्य प्रदेश.
मध्ये हद्दीचा दगड,
बकऱ्यांनी पाठ घासून घासून गुळगुळीत केलेला.

बाबांनी तार ओढली ती चोरून नाही, भर दुपारी,
बाभळीवरून निंबावर,
निंबावरून अनसूयाबाई डिगरशांच्या ओसरीत.
"तिकडेबी मराठीच बोलतेत ना," म्हणाले,
"मंग तारेले काय समजते?"
चित्र अलीकडचं, बूस्टरची वीज पलीकडची.
आमची लाइन गेली की चित्र जायचं,
त्यांची गेली की बूस्टर.
दोन्ही सरकारं एकदम जागी असली
तरच मालिका दिसायची.

बारा घरं. साठ रुपये महिना.
मी नववीत, पावतीपुस्तक माझ्याकडे.

हळूहळू त्या काठाला आमचंच हवामान लागू झालं.
विदर्भात तुरळक सरी म्हटलं
की तिकडच्या बायका वाळवण उचलायच्या.
आमच्या दहावीच्या निकालादिवशी
त्यांच्या पोरांच्या पोटात गोळा,
पोरं हिंदी शाळेतली असूनही.
मुंबईचे मंत्री खात्यांसकट तोंडपाठ,
आणि भोपाळात कोण बसलंय विचारलं
तर नारायण डिगरसे टोपी काढून डोकं खाजवत:
"असन कोनीतरी. आमच्या टीव्हीत नाही येत."

जाहिराती बाबांना सोसत नसत.
पुण्याचे फ्लॅट सुरू झाले की ते बटण दाबत
आणि पडद्यावर माझ्या अक्षरातली पट्टी:
कडवे रोपवाटिका, जंबेरीवरची संत्रा कलमं, खात्रीची.
एकदा नुसतंच:
हरवली आहे, तांबडी गाय, डावं शिंग अर्धं.
दुसऱ्या दिवशी ती नाला उतरून आली,
गळ्यात भलत्याच कुणाचं दावं
आणि पोट भरलेलं.

मग अर्ज गेला.
पांढुर्ण्याच्या केबलवाल्यानं दिला म्हणतात.
त्याचं तरी काय चुकलं,
बारा घरं त्याच्या हद्दीतली,
तो त्यांना सगळं भोपाळ दाखवायला तयार होता
पन्नास रुपयांत.

जीप आली. साहेबांनी बोनेटवर नकाशा पसरला,
बोटानं नाला शोधत राहिले.
नकाशात तो केसाएवढाही नव्हता.
शेवटी पक्कड मागितली. बाबांचीच.
रात्रीचे आठ वाजून दहा मिनिटं.
मालिकेत धाकटी सून पत्र फोडत होती.

पलीकडून बारा घरांतून एकदम
"आँ?"
तेवढं मात्र बिनतारेचं आलं.

बाबा आता नाहीत. तारेचा एक तुकडा निंबात रुतलाय,
झाडानं त्यावर साल चढवली.

परवा मुलताईच्या बाजारात अनसूयाबाई भेटल्या.
कानात मशीन. घरावर छत्री आहे म्हणाल्या,
तीनशे चॅनल, नातू लावून देतो.
माझा हात धरला, लेकराबाळांचं विचारलं नाही,
"बाई, त्या पत्रात काय होतं वं?"

मला कुठलं ठाऊक.
त्या रात्री मी दगडापाशी
साहेबांसाठी बॅटरी धरून उभी होते.
तरी सांगितलं,
भावाचं होतं. माहेराहून. ये म्हणून.
"मंग, गेली?"
गेली.

भेंड्यांच्या ढिगापुढे त्या बराच वेळ
काही न घेता उभ्या राहिल्या.
भाजीवालीनं दोनदा भाव सांगितला.
मग कनवटीची गाठ सोडली,
एकशे ऐंशी रुपये मोजले, पुन्हा मोजले.
"तीन महिन्याचे. तुया बापाचे राह्यले होते."

पावतीपुस्तक कधीच वाळवीनं खाल्लं.
वांग्यांच्या पुड्याचा कागद फाडून
त्यावर नाव लिहिलं, रक्कम लिहिली.
तारीख कोणती टाकू, विचारलं.

"त्याच रातची टाक," म्हणाल्या.